शूटिंगवाल्याचं ताट

माणूस बँकेत नोकरीला लागला की साऱ्या जगाचे पगार त्याला ठाऊक होतात, अशी आमच्या नातेवाइकांची ठाम समजूत आहे. मुलीला स्थळ सांगून आलं की मुलाच्या पगाराची चौकशी माझ्याकडे. कोणाच्या जावयाला बढती मिळाली की "हातात किती पडत असतील रे?" हा प्रश्न माझ्याकडे. कलेक्टरपासून कंपाउंडरपर्यंत सर्वांचे पगार मी गेली वीसबावीस वर्षं अंदाजानं ठोकून देत आलो आहे. आजवर एकाही पगारदारानं तक्रार केलेली नाही. कारण मी सांगितलेला आकडा त्याच्या खऱ्या पगारापेक्षा नेहमी थोडा जास्तच असतो.

पण २०२४ च्या मे महिन्यात अकोल्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला आणि माझी दांडी गुल झाली.

"दादा, कॅमेरावाल्याले पगार किती असते रे?"

"कुठल्या कॅमेरावाल्याला?"

"सिनेमाच्या. नाहीतर टीव्हीच्या. पोट्टा बारावी झाला आन् म्हणते, बी. कॉम. करत नाही, कॅमेरा शिकतो. ह्यांनी दोन दिवसांपासून बोलणं सोडलं आहे."

"पोराशी?"

"माझ्याशी! मामावर गेला म्हणतात."

मामावर जाण्यासारखं त्यात काय होतं ते मला कळेना. कॅमेऱ्याशी माझा संबंध एवढाच, की बँकेच्या प्रत्येक ग्रूप फोटोत माझे डोळे मिटलेले असतात. तरी बहिणीला "चौकशी करून सांगतो" म्हणालो. मोर्शीत मे महिन्यात दुसरं करण्यासारखंही काही नसतं. संत्र्याच्या बागा ताणावर सोडलेल्या असतात, आणि माणसंही.

कोणत्याही प्रश्नाला इतिहासापासून हात घालायचा, ही कॉमर्सच्या विद्यार्थ्याची जुनी हौस. कारण इतिहास त्याला कधी शिकवलेलाच नसतो. मी थेट दादासाहेब फाळक्यांना गाठलं. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढताना त्यांना तारामतीच्या कामासाठी बाई मिळेना. तेव्हा ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात काम करणारा साळुंके त्यांना दिसला. तिथं त्याला महिना १० रुपये मिळत. फाळक्यांनी १५ देऊ केले आणि भारतीय पडद्याला तारामती मिळाली. ही पंधरा रुपयांची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना पाठ असते. पण ती तारामती पडद्यावर उतरवली कोणी? कॅमेऱ्याचं हँडल फिरवत उभे होते ते त्र्यंबक तेलंग. चारचौघांत हे नाव घेऊन पाहा. "कोण, आपले पोस्टातले का?" असं विचारतील.

त्याहून गंमत पुढंच आहे. हा साळुंके १९१७ च्या 'लंकादहना'त राम आणि सीता दोन्ही झाला, आणि त्यानंतर, १९२० च्या दशकात, चक्क कॅमेरामन झाला. राणी, देव आणि देवी होऊन चुकलेल्या माणसाला शेवटी कॅमेऱ्याच्या मागेच बरं वाटलं. तिथं निदान मिशी काढावी लागत नाही.

आणि सरस्वतीबाई फाळके! कंपनीतल्या साऱ्या माणसांचा स्वयंपाक त्या करायच्या, अंधारात बसून फिल्मला भोकं पाडायच्या, ती धुवायच्या, उन्हात पांढऱ्या चादरी धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडायच्या. त्यांचा पगार काय होता म्हणाल, तर त्यांनी भांडवलासाठी स्वतःचे दागिने दिले होते. बँकेच्या भाषेत सांगायचं तर पगार उणे. हे मी मोठ्या कौतुकानं बहिणीला सांगितलं. तिकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "म्हणजे माझ्या सुनेचे दागिने जाणार."

तिला धीर यावा म्हणून मी व्ही. के. मूर्तींचं उदाहरण काढलं. १९५९ च्या 'कागज के फूल'मधला तो उंचावरून उतरणारा उजेडाचा झोत त्यांनी आरशांच्या साह्यानं पाडला. दादासाहेब फाळके पुरस्कार सुरू झाला १९६९ साली, पण तो पहिल्यांदा कॅमेरामनला मिळाला तो २००८ सालचा, आणि तो मूर्तींना. "जाहीर झाला तेव्हा शहाऐंशी वर्षांचे होते!" मी म्हणालो.

"तवापर्यंत खाईल काय तो?" बहीण म्हणाली.

इतिहास सोडून मी वर्तमानात आलो. आमच्या काउंटरवर येणाऱ्या एका गृहस्थांचा मुलगा मुंबईत मालिकांच्या चित्रीकरणावर आहे. त्यांच्याकडून कळलं की सिनेमात 'कॅमेरावाला' असा एक माणूस नसतोच. ती एक उतरंड असते. सर्वांत वर छायाचित्रणाचा दिग्दर्शक. तो साऱ्या सिनेमाचे ठरवून घेतो, आणि मोठं नाव असेल तर आपण बँकेत आयुष्यभर मोजतो तेवढे एका वर्षात कमावतो. त्याच्याखाली प्रत्यक्ष भिंगाला डोळा लावणारा ऑपरेटर. त्याच्याखाली फोकस सांभाळणारा. हा शिंप्यासारखी टेप घेऊन भिंगापासून नायिकेच्या डोळ्यापर्यंतचं अंतर मोजतो. त्याहीखाली पेट्या उचलणारे. फोकसवाल्याचं काम मला फार ओळखीचं वाटलं. बरोबर आला तर कोणाला पत्ता नाही, चुकला तर साऱ्या जगाला दिसतो. आमच्या कॅशियरचं याहून निराळं काय असतं?

"तुमच्या मुलाला महिन्याला किती मिळतात?" मी विचारलं.

"कोणत्या महिन्याचं विचारता जी?" गृहस्थ म्हणाले. "एका महिन्यात पंचवीस शिफ्ट, दुसऱ्या महिन्यात चार. आन् केलेल्या कामाचे पैसे तीन महिन्यांनी."

तीन महिन्यांनी पगार! आमच्याकडे पगार तीस तारखेऐवजी एक तारखेला झाला, तर युनियन दारावर सभा घेते.

मग मी अमेरिकेला गेलो. म्हणजे माहिती घेण्यापुरता. तिथलं कामगार खातं टीव्ही आणि सिनेमाच्या कॅमेरावाल्यांच्या पगाराचे आकडे नियमानं छापतं. मधला पगार वर्षाला साठ हजार डॉलरच्या आगेमागे. रुपयांत पन्नास लाख! हा आकडा ऐकताच आमचे जावई बहिणीशी बोलायला लागले. पण मी पडलो कॉमर्सचा. 'मधला' म्हणजे सरासरी नव्हे. निम्मे लोक त्याच्यापेक्षा कमी मिळवतात, हे मी समजावून सांगितलं. "मग आपला कोणत्या निम्म्यात?" असं जावयांनी विचारलं आणि पुन्हा बोलणं सोडलं. ह्या वेळी माझ्याशी.

आता खरं सांगायचं, तर एका कॅमेरावाल्याचं उत्पन्न मला पैशापैशानं ठाऊक आहे. मोर्शीचा शूटिंगवाला. बसस्टँडजवळ त्याचं लहानसं दुकान आहे. लग्न, मुंज, वास्तुशांत, शाळेचं गॅदरिंग, सगळीकडे तोच असतो. पावसाळ्यात अप्पर वर्धा धरणाची दारं उघडली की ते पाणी टिपायलाही तोच धावतो. टीव्हीवर 'तेरा दरवाजे उघडले' म्हणून आपण जे कौतुकानं पाहतो, त्यातलं पुष्कळसं अशाच कोणीतरी भिजत उभं राहून टिपलेलं असतं, आणि त्याला एका बातमीमागे एकदा पैसे मिळतात. ह्या शूटिंगवाल्याचं खातं आमच्या शाखेत आहे. कोणत्या महिन्यात त्याच्याकडे किती आले आणि कोणत्या महिन्यात त्यानं कोणाकडे हात पसरले, ते मी छापील पाहतो. साऱ्या मोर्शीत बहिणीच्या प्रश्नाचं अचूक उत्तर देऊ शकणारा मी एकटाच माणूस. आणि मलाच ते सांगता येत नाही. नोकरीला लागताना मी गुप्ततेच्या प्रतिज्ञापत्रावर सही केली आहे. ग्राहकाचा पैसा पाहायचा आणि बोलायचं नाही. ह्या न बोलण्याचा मला पगार मिळतो, त्यावर महागाई भत्ता मिळतो, आणि पुढे पेन्शनही मिळेल.

त्या शूटिंगवाल्यानं मात्र कोणत्याही प्रतिज्ञापत्रावर सही केलेली नाही. हे आज लिहायचं कारण म्हणजे बहिणीचंच लग्न.

ते झालं २००४ च्या मे महिन्यात. मी नुकताच बँकेत लागलेला, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा. बाबांनी हिशेबाची वही माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तू बी. कॉम. आहेस." पुढच्या आठ दिवसांत मी जो काय बी. कॉम. झालो, तेवढा परीक्षेतही झालो नव्हतो. मांडववाल्याचे दोनशे तोडले. बॅंडवाल्यांतला एक झांजवाला कमी केला. शूटिंगवाल्यानं चार हजार सांगितले होते, त्याला तीन हजारांवर आणला. तेव्हा मी वापरलेला युक्तिवाद मला अजून आठवतो: "तू काय करतोस? बटण तर दाबायचं. नाचतात आमचे लोक!"

लग्नाच्या दिवशी तो सकाळी सहाला आला. सोबत हॅलोजनचा दिवा धरणारा एक पोरगा होता, असेल बारा-चौदा वर्षांचा. मोर्शीच्या मे महिन्यात पेटलेला हॅलोजन डोक्यावर धरून दिवसभर उभं राहणं म्हणजे काय, ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. नवरीवर उजेड पडला पाहिजे म्हणून तो पोरगा उन्हापेक्षा मोठं ऊन हातात घेऊन फिरत होता.

जेवण ताटावर ठरलं होतं. एका ताटाचे चाळीस रुपये, चारशे ताटं. दुपारी अडीचच्या सुमाराला मला दिसलं की आकडा चारशेच्या पुढं सरकतो आहे. मुलाकडची मंडळी बोलावल्यापेक्षा जास्त आली होती, आणि त्यांना काही म्हणायची सोय नव्हती. माझा जीव खालीवर होऊ लागला. तेवढ्यात केटरिंगवाल्यानं विचारलं, "साहेब, ते शूटिंगचे दोघं धरू ना?"

मी म्हणालो, "ते काही पाव्हणे आहेत का? त्यांची ताटं धरू नका. उरलंच तर शेवटी पाहू."

दोन ताटं. ऐंशी रुपये.

ते दोघं जेवले की नाही ते मी पाहिलं नाही. म्हणजे, पाहिलं नाही असं नव्हे. तिकडं पाहायचं टाळलं.

तीन आठवड्यांनी त्यानं निरोप पाठवला, "मिक्सिंग होत आलं, एकदा येऊन जा." मी गेलो. त्या पोराला त्यानं चहा आणायला बाहेर पाठवलं आणि मशीन सुरू केलं. पंगतीचा भाग होता. पडद्यावर जावयांचे काका जिलेबी खात होते. आणि काकांच्या जिलेबीवर, अगदी स्पष्ट, शेजारी उभं राहून बोलावं असा माझा आवाज: "त्यांची ताटं धरू नका. उरलंच तर शेवटी पाहू." मला वाटलं होतं, कॅमेरा फक्त समोरचं पाहतो. त्याला कान असतात हे मी विसरलोच होतो. आणि चित्राच्या कडेला, दिवा धरलेला त्या पोराचा हात दिसत होता. आवाज आला तेव्हा तो उजेड किंचित हलला.

त्यानं मशीन थांबवलं. माझ्याकडे न पाहता, मशीनकडेच पाहत म्हणाला, "साहेब, एवढी एक जागा हाये. ठेवू का काढू?"

"काढ," मी म्हणालो. आणि बँकेतला माणूस आहे म्हणून, शिवाय तोंडाला कोरड पडली होती म्हणून, विचारलं, "याचे काही वेगळे द्यायचे का?"

"याचे नाही घेत जी आपण," तो म्हणाला.

इथवरची गोष्ट मी कधीकाळी सांगू शकलो असतो. माणूस तरुणपणी चिक्कू असतो, लोक हसले असते. न सांगण्यासारखं आहे ते पुढचं. सीडी घरी आली. सगळे पाहायला बसले. पंगतीचा भाग आला आणि काकांच्या हातातली जिलेबी एकदम नाहीशी होऊन तिथं मठ्ठ्याचा पेला आला. बाबा म्हणाले, "इथं उडी का मारली रे?"

मी म्हणालो, "त्याचं मिक्सिंगच कच्चं आहे."

बाबांनी ते दुसऱ्या दिवशी चार जणांना सांगितलं. आमच्या गल्लीत पुढचं लग्न निघालं, त्याचं शूटिंग अमरावतीच्या माणसाला गेलं. इथलं कच्चं असतं म्हणून. ते चार हजारही मला त्याच्या पासबुकात दिसले असते. ते नाहीत, हेही मला दिसलं. तो काउंटरवर येतच राहिला. "राम राम साहेब" म्हणतच राहिला. माझी आब त्यानं राखली आणि त्याच्या कामाची अब्रू मी घालवली, तीही पहिली झाकण्यासाठी. त्याच्या जागी मी असतो तर निदान एकदा तरी एखाद्याच्या कानात सांगितलं असतं.

हे सगळं मी विसरलो होतो असं म्हणणं सोयीचं आहे. पण बहिणीच्या फोननंतर पंधरा दिवसांनी भाचा मोर्शीला आला. त्यानं आईबापांच्या लग्नाची सीडी संगणकावर चढवली होती. आम्हाला पंगत दाखवता दाखवता त्यानं चित्र थांबवलं.

"मामा, हे पाहा. ह्या माणसाचा हात किती स्थिर आहे! पूर्ण लग्नात एक झटका नाही, उजेड सगळीकडं सारखा. मग फक्त इथंच असा कट कसा मारला? हा चुकून झालेला नाही. इथं काहीतरी काढलंय."

वीस वर्षांत हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. सगळ्यांना वाटलं होतं, कारागीर कच्चा. पोरानं बाकीचं काम पाहून ठरवलं की एवढा पक्का माणूस इथं उगाच चुकणार नाही. त्याच क्षणी मला कळलं की पोरगा कॅमेऱ्याच्याच कामाचा आहे, आणि हेही, की तो मामावर गेलेला नाही.

मी त्याला सगळं सांगितलं. बायको स्वयंपाकघरातून ऐकते आहे हे ठाऊक असून सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग त्यानं मला असा प्रश्न विचारला की जो वीस वर्षांत मला स्वतःला सुचला नव्हता.

"मामा, तुमचा आवाज काढला ते ठीक. पण त्यासोबत तो दिव्यावाला पोरगाही निघाला ना? तो उपाशी राहिला हे आता कुठंच नाही."

आम्ही बँकवाले गुप्ततेला पुण्य समजतो. पाहिलं आणि बोललो नाही, म्हणजे भलं केलं. पण कोणाचं? शूटिंगवाल्यानं माझी लाज झाकली, हा त्याचा चांगुलपणा खराच. मात्र ज्याचं ताट गेलं होतं त्या पोराला कोणी विचारलं नाही, ठेवू का काढू. न विचारण्याची मूळ चूक शूटिंगवाल्याची नव्हे. पण बातमीवाल्या कॅमेऱ्यानं एखाद्या बड्या माणसाचं असंच काही झाकलं असतं, तर मी स्वतः चहाच्या टपरीवर त्याच्या नावानं बोटं मोडली असती. कॅमेरा धरणाऱ्याला काय दाखवायचं एवढंच नव्हे, तर काय गाळायचं हेही ठरवावं लागतं, आणि ते कोणाच्या बाजूनं गाळायचं, हेसुद्धा. तेलंगांपासून मूर्तींपर्यंत आणि मूर्तींपासून आमच्या बसस्टँडपर्यंत, ह्या कामाचा दर कोणत्याही पगारपत्रकात मला सापडला नाही. तो मागताही येत नाही आणि देताही येत नाही. पण म्हणूनच, ज्याचा दर ठरतो त्या बटण दाबण्याच्या कामात तरी घासाघीस करू नये, एवढं मला आता वाटतं. माणूस फुकट जे देतो ते घेऊन वर मोलाचं कापायचं, ह्याला हिशेब म्हणत नाहीत.

हिशेब मी करून पाहिला. ऐंशी रुपये, दरसाल आठ टक्के चक्रवाढ, वीस वर्षं: ३७२ रुपये ८८ पैसे. ही रक्कम कोणत्या खात्यात जमा करायची ते मात्र बी. कॉम.ला शिकवत नाहीत. तो दिवा धरणारा पोरगा पुढं सुरतेकडे कामाला गेला, एवढंच शूटिंगवाल्याला ठाऊक आहे.

भाच्याचं शेवटी असं ठरलं. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट, जी १९६० साली प्रभातच्या जुन्या स्टुडिओत सुरू झाली, तिथं कॅमेऱ्याच्या अभ्यासक्रमाला पदवीधर लागतो. तेव्हा आधी बी. कॉम. जावई पुन्हा बोलायला लागले. आणि सुट्टीपुरता पोरगा मोर्शीतच राहील, शूटिंगवाल्याच्या हाताखाली. त्याला घेऊन मी बसस्टँडवरच्या दुकानात गेलो. जाताना पाठ केलेलं भाषण ऐन वेळी घशातच राहिलं. एवढंच म्हणालो, "तुझं मिक्सिंग कच्चं आहे असं वीस वर्षांपूर्वी मी घरी सांगितलं होतं. ते खोटं होतं. आता ते छापून टाकतो आहे."

"जाऊ द्या जी," तो म्हणाला. "लई दिवस झाले."

मग आम्ही दोघंही जरा वेळ पंख्याकडे पाहत बसलो. शांतता मोडावी म्हणून, आणि बहिणीला उत्तर द्यायचं राहिलं होतं म्हणूनही, मी विचारलं, "पोराला पगाराचं काय?"

"पगाराचं मंग पाहू," त्यानं भाच्याच्या खांद्यावर कॅमेऱ्याची पिशवी अडकवली. "पण जेवल्याबिगर जाऊ देत नाही आम्ही कोणाले. थे पहिलं."

हे तो मला लागावं म्हणून बोलला, की नुसतंच बोलला, ते मला कळलं नाही. ह्या वेळी मी त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलंसुद्धा. पण तो पिशवीचा पट्टा लहान करत होता.